भावांची पोथी वाचली तेव्हा

आमच्या भागात त्या पोथीचं नाव घरात घेत नसत. 'भावांची पोथी' म्हटलं की ऐकणाऱ्याला समजायचं. तिच्यातल्या माणसांची नावंसुद्धा अंगणाबाहेर घ्यायची. मीही इथं घेणार नाही. भीती आता उरली नाही, पण सवय मोडायला मला काही कारण दिसत नाही, आणि मी कोणाबद्दल बोलतो ते वाचणाऱ्याला कळेलच.

नेम असा होता की एका चुलीवर जेवणारे भाऊ ज्या छपराखाली राहतात, त्या छपराखाली ती पोथी ठेवायची नाही, वाचायची तर नाहीच. वाचली की वर्ष उलटायच्या आत चूल फुटते. अमक्या गावी फुटली, तमक्या घरी फुटली, असे दाखले सगळ्यांजवळ होते. दंडारीच्या खेळात मैदानावर तिच्यातले तुकडे आम्ही लहानपणापासून पाहत होतो, त्याला हरकत नव्हती. मैदानाला छप्पर नसतं.

मी दुसरी शिकलेला. तिसरीच्या पुस्तकाला हात लागायच्या आत बाबानं बैलांमागं लावलं. त्याचं मला दुःख नव्हतं. बांधीत, बांध घातलेल्या खाचरात, माझ्यासारखं सरळ रेषेत धान रोवणारा आमच्या केशोरीच्या बाजूला दुसरा नव्हता, हे मी आजही सांगतो. बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघं भाऊ, आमच्या बायका, दादाची पाच लेकरं, माझं एक, आणि माय. चूल एक.

पोथी माझ्याजवळ आली ती हौसेनं नाही. गावातल्या मास्तरांची बदली झाली, आणि त्यांचं सामान मी बैलबंडीनं अर्जुनीच्या स्टेशनावर पोचवलं. रेल्वेची लहान लाइन सुरू होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, गाडी पाहायलाच दहा-पंधरा माणसं फलाटावर उभी असत. सामान उतरवताना मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, ती पोथी द्या ना कोणाला तरी. नव्या घरात नको मला ती." मास्तरांनी पेटीतून लाल पुठ्ठ्याचा तो जाडा ठोकळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुला वाचता येतं का रे?"

सगळ्यांसमोर विचारलं.

"येते," मी म्हटलं. "काऊन नाही येणार?"

खरं तर अक्षरं ओळखीची होती, पण जोडाक्षर आलं की बंडीचं चाक दगडावर चढावं तसं व्हायचं. पण म्हटलं ते म्हटलं. पोथी घोंगडीत गुंडाळली आणि येताना सगळ्या वाटेत ठरवलं की ही आता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. मास्तर परत येऊन परीक्षा घेणार नव्हते. पण मी तर इथंच राहणार होतो ना.

मायनं घोंगडी पाहिली आणि अंगणातच अडवलं.

"काय आणलं?"

"पोथी."

"कोणची?"

मी घोंगडी पाठीमागं धरली. तिला तेवढ्यावर समजलं. तिनं दाराच्या चौकटीला हात लावला.

"आत आणशील तर ऐकून ठेव. माह्या जिवंतपणी या घरात दोन चुली पेटल्या, तर मी कोणत्याच चुलीचं खाणार नाही. पाणीबी नाही पिणार."

माय बोलायची कमी. पण बोललेलं फिरवलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. हट्टीपणा मी कुठून आणला ते आता सांगायला नको.

पोथी शेतातल्या झोपडीत गेली. धान कापून झाले होते, बांध्यांत डाळीची लाखोळी हिरवी होऊन वर आली होती. ढोरं आणि पोपट यांच्यापासून ती राखायला दिवसभर मी तिथंच असायचो. उदई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून पोथी आढ्याला टांगली. सकाळी ऊन अंगावर आलं की खाली काढायची आणि बोट ठेवून वाचायची. पहिलं पान मला दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी पान उलटलं तेव्हा मी उठून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक चक्कर मारून आलो, इतकं बरं वाटलं. महिन्याभरात दिवसाला चार-पाच पानं होऊ लागली.

माझ्या शेताला लागून एका गोंड बुढ्याचं शेत होतं. त्याच्या पलीकडे जंगल. तो लाकडं तोडायला जायचा, मोहाच्या दिवसांत मोहा वेचायचा, आणि उरलेल्या वेळात बिडी ओढत माझ्या झोपडीशी येऊन बसायचा. त्याला आमच्या नेमाचं काही नव्हतं. त्याला गोष्ट पाहिजे होती.

"कुठवर आली गा तुझी गाडी?"

मी मोठ्यानं वाचायचो. माझं अडखळणं त्याला कळत नव्हतं. त्याला वाटायचं पोथीच अशी थांबत थांबत लिहिली आहे.

दंडारीत पाहिलेली गोष्ट आणि वाचलेली गोष्ट यांत इतका फरक असेल हे मला माहीत नव्हतं. दंडारीत चांगले एका बाजूला उभे राहत, वाईट दुसऱ्या बाजूला, वाइटांच्या मिशा मोठ्या. इथं तसं नव्हतं. पाच भावांतला थोरला, ज्याला सगळे सत्याचा पुतळा म्हणतात, तो जुगाराला बसला आणि भाऊ हरला. एकेक करून चारही. मग स्वतःला हरला, मग बायकोला. मी पान पुन्हा वाचलं. मला वाटलं माझंच बोट चुकलं.

"तिले इचारलं का?" बुढ्यानं म्हटलं.

"कोणाले?"

"बायकोले. डावावर लावलं ते तिले इचारून लावलं का?"

"नाही."

"अन् भावांले?"

"त्यांलेबी नाही."

"मंग हा मोठा कायचा?" असं म्हणून तो थुंकला आणि उठून गेला. मीही चार दिवस पोथी खाली काढली नाही. खरं सांगतो, मला त्या थोरल्याचा राग आला होता. आणि भरल्या सभेत मान खाली घालून बसलेल्या त्या पांढऱ्या दाढीच्या आजोबाचा त्याहून जास्त. पण पाचव्या दिवशी मन राहीना. पुढं काय झालं ते माहीत असूनही वाचावंसं वाटत होतं. हे मला पोथीनं शिकवलं, मास्तरांनी नाही.

पौषात तीन दिवस अवकाळी पाऊस लागला. झोपडी गळू लागली. पोथी भिजणार होती. मी विचार केला, घरात नेत नाही ना? ढोरांच्या कोठ्यात ठेवतो. कोठा म्हणजे काही घर नाही, तिथं बैल राहतात, भाऊ नाही. तीन दिवस मी कोठ्यात बैलांसमोर बसून वाचलं. बैलांनी काही तक्रार केली नाही.

आठ दिवसांनी दादा अंगणात हात धूत होता. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "आता आपण वेगळं होऊ गा."

माझं मन आधी पोथीवर गेलं. मी उठलो आणि कोठ्याकडे गेलो. मागच्या उन्हाळ्यात कौलं फेरताना आम्हीच कोठ्याचं छप्पर पुढं ओढलं होतं. दोन हात ओढलं, ते घराच्या कौलांना जाऊन टेकलं. छप्पर एकच झालं होतं. तीन दिवस मी घराच्याच छपराखाली ती पोथी वाचली होती.

हे मी कोणाला सांगितलं नाही. पण मायनं ते शोधून काढलं. बैलांपुढं पोथीतून गळालेली खुणेची काडी पडली असेल, की माझ्या तोंडावरच लिहिलं होतं, माहीत नाही. तिनं एवढंच म्हटलं, "कोठ्यात होती ना?" मी मान हलवली. ती आत गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

आता अपराध माझ्या हातून झाला होता, तर मी नमतं घ्यायला पाहिजे होतं. पण माझं डोकं उलटं चालतं. मनात भीती बसली, आणि भीती दिसू नये म्हणून मी आणखी ताठ झालो. वाटणीची बोलणी निघाली तशी मी म्हटलं, तलावाखालची बांधी माझी. त्या बांधीला तलावाचं पाणी सगळ्यांत आधी लागतं, पाऊस रुसला तरी ती पिकते. तिचे धुरे मी बांधले होते, माती माझ्या डोक्यावरून गेली होती.

दादा म्हणाला, "अर्धी दे."

"नाही."

"बरं. बांधी ठेव. माह्या खालच्या बांधीले पाणी जाईल असा एक पाट दे."

"पाट दिला तर धुरा फुटते."

"मंग धानाचे पऱ्हे टाकायले कोपरा दे. तिथं ओल राहते. पऱ्हे वाढले की उपटून नेईन, कोपरा तुलेच."

मी तेव्हा उभा होतो. लेकरं पाहत होती, दोघी बायका दारात होत्या, मी म्हटलं, "पाय ठेवायलेबी जागा देणार नाही."

 दादानं दुपट्टा खांद्यावर टाकला आणि बाहेर गेला. पुढच्या आठवड्यात पंच बसवायचं ठरलं. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही.

माय दुसऱ्या दिवशी दुपारी शेतावर आली. इतकं चालायची तिची सवय सुटली होती. झोपडीत शिरून तिनं आढ्याकडे बोट केलं.

"काढ ते. तलावात टाकतो मी."

"वाचून झाल्यावर टाक."

"अजून वाचून राहिला? घर फुटून राहिलं अन् तू वाचून राहिला?"

"अर्धी राहिली हाये माय. अर्ध्यावर सोडली तर ते अधिकच वाईट." असा काही नेम नव्हता. मी तोंडाला आला तो सांगितला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पंचांच्या दिवसापासून माझं ताट वाढू नका," म्हणाली आणि गेली. मी तिच्यामागं गेलो नाही. दूरच्या धुऱ्यावरून ती उतरेपर्यंत पाहत होतो. साठीची बाई, एक शब्द खरा करायला मरायला तयार होती, आणि तो शब्द तिच्यावर मी आणला होता.

त्याच दिवशी ऊन कलताना बुढा आला. मला बोलायचं नव्हतं म्हणून मी पोथी काढली. वाचायला लागलो की बोलावं लागत नाही. पाच भाऊ वनवास भोगून परत आले होते आणि आपला वाटा मागत होते. त्यांच्याकडून मध्यस्थ गेला. अर्धं राज्य द्या. नाही. बरं, पाच गावं द्या, पाच भावांना पाच. नाही. मी बोट सरकवत होतो. मग त्या आंधळ्या राजाचा मुलगा भरल्या सभेत उत्तर देतो, की सुईच्या टोकावर मावेल एवढीही माती देणार नाही.

माझं बोट तिथंच राहिलं.

बुढा खो खो हसला. "अरे, पाच गावं तर मागून राहिले! तेवढी देऊन टाकली असती, तर तुझी पोथी एवढी जाडी झाली असती का?"

त्याला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. मी हसलो नाही. इतके दिवस वाचताना मी स्वतःला पाच भावांतलाच एक समजत होतो. कधी तो गदावाला, कधी तो धनुष्यवाला. मनात त्या बाजूनंच बसलो होतो. आणि अर्धं, मग पाट, मग कोपरा, आणि 'पाय ठेवायलेबी नाही' हे मी म्हटलं होतं. कालचीच गोष्ट. पोथीतल्या त्या माणसाची मिशी मोठी असेल, माझी तर नव्हती.

आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली, ती मला कोणी सांगितली नाही, कीर्तनातही ऐकली नाही. आमच्याकडे म्हणत, ही पोथी वाटणी लावते. पण पोथीत भांडण वाटणीचं नव्हतंच. वाटणी द्यायला नाही म्हटलं, त्याचं होतं. सरळ हातानं वाटून दिलं असतं तर ते सगळे आपापल्या घरी म्हातारे होऊन मेले असते.

"काय झालं गा?" बुढ्यानं विचारलं. "वाच ना."

"आज नाही," मी म्हटलं.

सकाळी मी फावडं घेऊन तलावाखालच्या बांधीवर गेलो आणि धुरा खणायला लागलो. मला कोणाची माफी मागता येत नाही. आजही येत नाही. खणता येतं. हातभर खणलं असेल, तेव्हा दादा आला. कोणीतरी त्याला सांगितलं असावं की तुझा भाऊ धुरा फोडतो आहे. तो लांबूनच ओरडला.

"काय करून राहिला?"

"पाट काढून राहिलो."

"कोणासाठी?"

"पाण्यासाठी."

तो जवळ आला. पाट कुठं जातो ते त्यानं नजरेनं मोजलं. त्याच्याच खालच्या बांधीत जात होता.

"वाकडा जाऊन राहिला," तो म्हणाला.

"तू काढ मंग सरळ."

त्यानं माझ्या हातातून फावडं घेतलं. थोडा वेळ तो खणत होता, मी माती बाजूला करत होतो. मी म्हटलं, "कोपराबी घे पऱ्ह्यांसाठी. अर्धी पाहिजे तर अर्धी घे."

"अर्धी नको. पाट बस झाला अन् कोपरा." मग थांबून म्हणाला, "एकाएकी काय झालं तुले? पोथीत निघालं काय?"

मी माती सारत राहिलो. तो हसायला लागला. चार महिन्यांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं. त्याचं हसू पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, मी ती कोठ्यात वाचली. तीन दिवस. छप्पर टेकलेलं हाये ते ध्यानात नाही राहिलं. माह्यामुळंच झालं हे."

तो फावड्यावर रेलून माझ्याकडे पाहत राहिला.

"येडा हायेस का? वेगळं व्हायचं मी मागच्या रोवण्यापासून मनात धरून होतो. तेव्हा तुझी पोथी मास्तराच्या पेटीत होती. पाच पोट्टे हायेत माह्ये, तुझं एक. तुह्या वाट्याचं माह्ये पोट्टे किती दिवस खातील? मले लाज वाटत होती. बोलता येत नव्हतं."

मी धुऱ्यावर बसलो. धानाचं पोतं पाठीवरून उतरल्यावर माणूस थोडा वेळ वाकलेलाच राहतो, तसा बसलो. वर पाहिलं तर पोपट लाखोळीवर उतरले होते. त्या दिवशी मी ते हाकलले नाहीत.

पंच बसले तेव्हा एक बिडी संपायच्या आत सगळं झालं. पंच थोडे नाराजच झाले. दिवसभराच्या तयारीनं आले होते. घराच्या मधोमध बांबूची ताटी उभी केली, मातीनं लिंपली. दादाच्या बाजूला नवी चूल पेटली.

आणि माय अंगणात तोंड फिरवून बसली.

पंचांसमोर भांडण झालं नाही, पाट काढला, सगळं खरं. पण चुली दोन झाल्या होत्या, आणि तिनं म्हटलं ते म्हटलं होतं. पहिला दिवस गेला. तिनं पाण्याचा गडूसुद्धा हातात घेतला नाही. माझी बायको गेली, वहिनी गेली. लेकरं गेली, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, पण खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे ओठ सुकलेले दिसत होते. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. 

तीच बोलली. "पंचांसमोर तुम्ही भांडले काऊन नाही?"

मी तिला सांगितलं. अर्धं, पाच गावं, सुईचं टोक. तिनं नीट ऐकलं.

"हे पोथीत लिहिलं हाये?"

"हो."

"आण. वाचून दाखव."

"घरात?"

"चूल तर फुटली. आता ती आणखी काय फोडन?"

मी धावत शेतावर गेलो. बायको म्हणते, मला असं धावताना तिनं तेवढ्या एकाच वेळी पाहिलं. पोथी आणली, पडवीत बसलो, आणि ते पान वाचलं. मायनं डोळे मिटले होते. पान संपल्यावर म्हणाली, "त्या मायचं काय झालं? त्या पाच जणांच्या?"

मी शेवटाकडे शोधू लागलो. तिथवर माझं वाचून झालं नव्हतं, म्हणून पानं उलटून इकडेतिकडे बोट ठेवत गेलो. वेळ लागला. सापडलं. लढाई संपली. मुलं जिंकली, राज्य मिळालं. आणि काही वर्षांनी तो आंधळा राजा आणि त्याची डोळ्यांना पट्टी बांधलेली राणी वनात निघाले, तेव्हा जिंकलेल्यांची माय त्यांच्यासोबत निघून गेली. मुलं पाया पडली, ती राहिली नाही.

"जिंकल्यावर गेली?" मायनं डोळे उघडले. "पोट्टे जिंकल्यावर?"

"हो."

 ताटीपलीकडून दादाच्या लेकराचं रडणं आलं आणि थांबलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"इथं तर कोणी जिंकलंच नाही," ती म्हणाली. "मंग मी कायले जाऊ? वाढ मले."

बायकोनं भात आणला. माय म्हणाली, हा अर्धाच घाल, अर्धा तिकडचा पाहिजे. वहिनी ताटीच्या टोकाकडून वळून भात आणि लाखोळीचं वरण घेऊन आली. मायनं दोन्ही एकत्र कालवलं, पहिला घास घेतला आणि वहिनीला म्हणाली, "नव्या चुलीचं वरण करपते, जाळ कमी ठेव वो."

मला रडू आलं असं मी लिहिणार नाही. मी पोथीत तोंड घातलं. तेवढ्यात ताटीपलीकडून दादाचा आवाज आला.

"थांबला काऊन गा? मोठ्यानं वाच. इकडं ऐकू येऊन नाही राहिलं."

मी आवाज चढवला.